अंगावर बसेल, पण दुकानातून उठेल?

"हे कोण घालणार?"

रॅम्पवरचा एखादा अचाट फोटो फिरायला लागला की त्याच्याखाली हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्याचा सूर बहुधा टवाळीचा असतो आणि फॅशनमधली मंडळी तो ऐकून नाक मुरडतात. भिंतीवरच्या चित्राला कुणी असं विचारतं का, म्हणतात. मला मात्र हा प्रश्न मुळीच टाकाऊ वाटत नाही. डिझाइन स्टुडिओच्या मागच्या खोलीत, जिथे पॅटर्न, म्हणजे कापड कापायचे कागदी साचे, निघतात आणि कच्चे टाके पडतात, तिथे दिवसभर हाच प्रश्न चालू असतो. फक्त त्याचे शब्द वेगळे असतात. हात वर होतो का? बसल्यावर पोटावर चुण्या पडतात का? पाठीवरची चेन एकटीला लावता येईल? मी अशा खोलीत बरीच वर्षं काढली. कपडा हातात आला की आधी उलटा करून बघायची खोड तिथलीच. दुकानात आजूबाजूचे लोक चमकून बघतात, पण कपड्याबद्दलचं खरं काय ते आतल्या शिवणीत कळतं. पुढच्या खोलीत कुणीतरी स्वप्न बघतं आणि मागच्या खोलीत त्या स्वप्नाला मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा, काढावा लागतो.

या विषयावर जे बोललं-लिहिलं जातं त्यात नेहमी दोनच पक्ष असतात. एकीकडे कला, दुसरीकडे धंदा. डिझायनर या बाजूला ओढणार, काय किती खपेल ते ठरवणारा मर्चंडायझर त्या बाजूला, आणि शेवटी कुठेतरी अधेमधे दोघांचा समेट. 'घालण्याजोगं असणं' हे या मांडणीत आपोआप धंद्याच्या पारड्यात पडतं. जणू जे सोयीचं तेच खपतं आणि जे खपतं ते सोयीचंच असतं. माझं भांडण आहे ते इथे. कल्पना, अंगावर बसणं आणि दुकानातून उठणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांतल्या कुठल्याही दोघींचं जमतं आणि तिसरीचा पत्ताच नसतो, असं या व्यवसायात सारखं होत आलंय.

न्यूयॉर्कच्या डिझायनर चार्ल्स जेम्सचंच बघा. त्याने 1953 मध्ये 'क्लोव्हर लीफ' नावाचा गाऊन केला. घेर चार पाकळ्यांचा, वजन साडेचार किलोच्या आसपास. ऐकून वाटतं, एवढा डोलारा घालून बाई जागची हलणार तरी कशी? पण जेम्सने आतल्या बांधणीतून सगळा भार नितंबांवर असा तोलला होता की तो घालून नाचता यायचं. त्याच्या आधीचा 'टॅक्सी ड्रेस' तर अंगाभोवती गुंडाळून अडकवायचा, टॅक्सीच्या मागच्या सीटवर बसल्या बसल्या चढवता येईल इतका सुटसुटीत. म्हणजे कल्पना होती आणि अंगावर बसणंही होतं. धंदा मात्र त्याला कधी जमला नाही. एकेका कपड्यावर तो अखंड हात फिरवत राहायचा आणि कबूल केलेल्या दिवशी माल द्यायचा नाही. क्लोव्हर लीफ ज्या समारंभासाठी मागवला होता, त्याला तो पोचलाच नाही. 1978 मध्ये चेल्सी हॉटेलात त्याचा मृत्यू झाला तेव्हा तो कफल्लक होता. 2014 मध्ये मेट्रोपॉलिटन म्युझियमने त्याच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरवून त्या गाऊनच्या पोटातलं बांधकाम लोकांना उलगडून दाखवलं. घेणारी गिऱ्हाइकं तोवर बहुतेक सगळी गेलेली.

याच्या अगदी उलट उदाहरण ख्रिस्तियान दिओरचं. 12 फेब्रुवारी 1947 रोजी पॅरिसमध्ये त्याचा पहिला शो झाला. आवळलेली कंबर, नितंबांवर पॅडिंग, पोटरीपर्यंत जाणारा भरघोस घेर. युद्धाच्या काळात सुटसुटीत कपड्यांत कामं केलेल्या बायकांना त्याने पुन्हा आवळून बांधलं. अंगावर बसण्याच्या हिशेबात ही सरळसरळ पिछेहाट होती. पण उठाव केवढा! दिओरमागे पैसा होता मार्सेल बुसाकचा आणि बुसाक हा सुती कापडाचा बडा कारखानदार. ज्या झग्याला मीटरच्या मीटर कापड लागतं, तो लोकप्रिय झाला तर कापडवाल्याला वाईट कशाला वाटेल? त्या घेराला कवितेसारखं वाचणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवलेलं बरं.

पुढे 1954 मध्ये कोको शनेल पंधरा वर्षांच्या खंडानंतर परतली, ती या बांधाबांधीवर चिडूनच. तिचं जाकीट मी पहिल्यांदा आतून पाहिलं तेव्हा बराच वेळ नुसती बघत बसले होते. मुंढा वर, बगलेला लागून घेतलेला. नवशिक्याला वाटतं की मुंढा खाली आणि सैल ठेवला की हात मोकळा होईल. होतं उलटंच. खाली घेतलेल्या मुंढ्याचं जाकीट हात उचलला की सगळंच्या सगळं वर चढतं; वर घेतलेल्या मुंढ्यात हात एकटा वर जातो आणि जाकीट जागेवर राहतं. अस्तराच्या खालच्या कडेला आतून बारीक साखळी शिवलेली, जाकिटाची पडण सरळ राहावी म्हणून. खिसे खरे, हात घालण्यासाठी. पॅरिसच्या पत्रकारांनी त्या शोचं स्वागत थंडपणे केलं, जुनाट ठरवलं. अमेरिकेतल्या ग्राहकांनी आणि मासिकांनी ते उचललं. आज या जाकिटाकडे अभिजात, सुरक्षित, काहीसं कंटाळवाणंच म्हणून बघतात. माझ्या मते त्या साखळीत आणि त्या मुंढ्यात दिओरच्या सगळ्या घेरापेक्षा जास्त कल्पकता आहे. हे मत सर्वांना पटणार नाही, ठाऊक आहे.

ईव्ह सँ लोराँच्या 'ल स्मोकिंग'ची कथा आणखी निराळी. पुरुषांचा टक्सिडो, म्हणजे संध्याकाळच्या समारंभाचा सूट, त्याने 1966 मध्ये बायकांसाठी केला. मापाने शिवून घेणाऱ्या श्रीमंत कुतूर ग्राहकांनी त्याच्याकडे जवळपास पाठ फिरवली. त्याच सप्टेंबरमध्ये त्याने 'रीव्ह गोश' हे तयार कपड्यांचं दुकान उघडलं, आणि तोच सूट तिथे तरुण मुलींनी उचलून धरला. कपड्यात काय बदललं? शिवण थोडी साधी झाली, किंमत उतरली. पण कल्पना तीच, अंगावर बसणं तेच. फक्त दार बदललं. म्हणून 'हे खपत नाही' असं कुणी ठामपणे म्हणालं की मला विचारावंसं वाटतं, कुठल्या दारात?

आता जरा पैशाकडे वळू. कलावंत मंडळींना ही वाट रुक्ष वाटते, पण कपड्याचं निम्मं रूप इथे ठरतं.

शो दहा-पंधरा मिनिटांत संपतो. त्यानंतर खरा बाजार शोरूममध्ये भरतो. तेच कपडे दांड्यांवर टांगलेले असतात आणि मोठ्या दुकानांचे बायर, म्हणजे खरेदी ठरवणारे लोक, एकेक काढून बघतात, हाताने चुरगळतात, शेजारच्या मुलीला घालायला लावतात. दुकानातली किंमत घाऊक किमतीच्या दुप्पट-अडीचपट किंवा त्याहून जास्त असते, त्यामुळे बायरचं सगळं लक्ष एका गोष्टीवर: पूर्ण किमतीला किती नग जातील? सेलमध्ये गेलेला कपडा त्याच्या लेखी फसलेला कपडा. काही दुकानं तर पडून राहिलेल्या मालाच्या तोट्यातला वाटा ब्रँडकडूनच वसूल करतात. थंडीचे कपडे फेब्रुवारी-मार्चमध्ये दाखवायचे, ऑर्डरी घ्यायच्या, कापडाचे पैसे आधी भरायचे, माल उन्हाळ्याच्या अखेरीस दुकानात पोचवायचा आणि दुकानाचे पैसे त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी हातात पडायचे. तोवर पुढच्या वसंताचा शो डोक्यावर आलेला. नवा डिझायनर एकाच वेळी दोन-तीन हंगामांचा खर्च स्वतःच्या खिशातून चालवत असतो. गुणी मुलांची लेबलं बंद पडतात त्याचं कारण बहुतेक वेळा हे मधलं अंतर असतं. कल्पना आटली म्हणून लेबल बंद पडल्याचं मी क्वचितच पाहिलं.

मोठ्या फॅशन घराण्यांनी यावर तोड काढली ती प्री-कलेक्शनची. दोन मोठ्या शोंच्या मधे येणारे, फारसा गाजावाजा नसलेले कपडे. ते दुकानात लवकर पोचतात, सेल लागेपर्यंत पूर्ण किमतीला सर्वांत जास्त काळ टांगलेले राहतात, आणि घराण्याच्या कपडेविक्रीचा मोठा भाग तिथून येतो. रॅम्पवरचा शो आणि दुकानातला कपडा यांची फारकत इथे पक्की झाली. शोमधले काही कपडे तर पुढे शिवलेच जात नाहीत. त्यांचं काम फोटोपुरतं.

बाकीच्यांचं काय होतं? ते 'कमर्शियल' होतात, आणि स्टुडिओत हा शब्द उच्चारताना आवाज जरा खाली जातो. मी अशा रूपांतरांत हात घातलेले आहेत, म्हणून सांगते. एका कोटाची बाही आम्ही मुद्दाम पुढच्या बाजूला कललेली जोडली होती, म्हणजे घालणारीचे हात आपोआप शरीरासमोर येत, कुणाला तरी कवेत घेतल्यासारखे. रॅम्पवर ते सुंदर दिसलं. शोरूममध्ये एका बायरने कोट घातला, दोन्ही हात गाडीचं स्टिअरिंग धरल्यासारखे वर केले आणि माझ्याकडे बघितलं. पाठीत कोट ताणून धरला होता. पुढचे काही दिवस मी त्या बाहीशी झटत होते. कल थोडा कमी केला, बगलेत एक चौकोनी तुकडा घातला, पाठीच्या शिवणीत बोटभर जागा सोडली. हात वर झाला. कोटाची मिठी सुटली नाही, उलट आता ती खरी वाटायला लागली, कारण त्या कोटात कुणाला मिठी मारता येत होती. डिझायनरने आधी तोंड वाकडं केलं आणि मग हळूच तो तुकडा पुढच्या शोच्या कपड्यांतही वापरला. त्याच कोटाचं कापड मात्र किमतीपायी उतरवलं गेलं, कॉलरमधला कडकपणा गेला, आणि त्या दोन गोष्टींनी कोट खरोखर बिघडला. घालणारीच्या मागणीने कपडा सुधारला होता, हिशेबाच्या मागणीने बिघडला. दोन्ही बदलांना स्टुडिओत एकच नाव होतं.

अलेक्झांडर मॅक्वीनकडे हा भेद नीट दिसतो. लंडनमध्ये, शिंप्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या सॅव्हिल रोवर शिंपीकाम शिकलेला माणूस. त्याचा 'प्लेटोज अटलांटिस' हा शो ऑक्टोबर 2009 मध्ये झाला. लोकांच्या लक्षात राहिले ते 'आर्मडिलो' बूट: तीसएक सेंटीमीटर उंच, पाय कुठे संपतो आणि टाच कुठे सुरू होते ते न कळणारे. काही मॉडेलनी ते घालून चालायला नकार दिला होता. ते बूट कधी सर्वसाधारण विक्रीला आले नाहीत. पण नजर बुटांवरून थोडी वर नेली तर काय दिसतं? आखूड, साध्या आकाराचे झगे. कापडावरची डिजिटल छपाई शरीराच्या उंचसखलपणाप्रमाणे आखलेली, शिवणीवर नक्षी नक्षीला जुळलेली. हे झगे घालता येण्याजोगे होते. अचाटपणा पायांत होता आणि नवेपणा छपाईच्या आखणीत, आणि ते नवेपण पुढे कितीतरी दुकानांपर्यंत झिरपलं. त्याच्या सुरुवातीच्या 'बम्स्टर' पँटचंही तसंच. कंबर इतकी खाली की बघणारे हबकले. धड लांब दिसावं हा त्याचा हेतू होता. काही वर्षांत जगभरच्या जीन्सची कंबर खाली घसरली. घराण्याचा गल्ला मात्र कवट्यांची नक्षी असलेल्या रेशमी स्कार्फनेही भरला. स्कार्फला मुंढा नसतो, माप नसतं, परत येण्याचं कारण नसतं.

कपड्याने नाव गाजवायचं आणि गल्ला अशा वस्तूंनी भरायचा, हीच खरी तर मोठ्या घराण्यांची युक्ती, आणि ती शंभर वर्षं जुनी आहे. पॅरिसच्या डिझायनर पॉल प्वारेने 1911 मध्ये मुलीच्या नावाने 'रोझीन' अत्तरं काढली, पण स्वतःचं नाव बाटलीवर घातलं नाही. त्याचं घराणं 1929 मध्ये बंद पडलं. शनेलने 1921 मध्ये 'नंबर 5' आणलं, त्या अत्तरासाठी 1924 मध्ये निघालेल्या कंपनीत तिच्या वाट्याला फक्त दहा टक्के आले आणि ती सल तिला जन्मभर राहिली. दिओरने तर पहिल्याच वर्षी 'मिस दिओर' बाजारात आणलं. पिएर कार्दँने आपलं नाव इतक्या शेकडो वस्तूंना भाड्याने दिलं की शेवटी त्या नावात कपडा शोधावा लागे. आणि ज्याला अत्तर साधलं नाही, त्याचं काय होतं ते क्रिस्तियान लाक्रवाने दाखवलं. 1987 मध्ये त्याने घराणं काढलं, रंग आणि फुगीर स्कर्टांनी पॅरिस दणाणून सोडलं, 1990 मधलं त्याचं अत्तर पडलं, आणि 2009 मध्ये कुतूर बंद. एवढ्या वर्षांत नफा असा झालाच नाही.

व्हिक्टर आणि रॉल्फ या डच जोडीची गंमत मला फार आवडते. 1996 मध्ये त्यांनी एक अत्तराची बाटली काढली, जी उघडताच येत नसे. वास नाही, वापर नाही, नुसती बाटली आणि जाहिरात. फॅशनच्या धंद्याची इतकी नेमकी थट्टा दुसरी झाली नसेल. 2005 मध्ये त्याच जोडीचं 'फ्लॉवरबॉम्ब' आलं, उघडणाऱ्या बाटलीत, आणि जगभर तुफान खपलं. 2015 मध्ये त्यांनी तयार कपडे बंद केले. आता कुतूरमध्ये ते उलटे गाऊन करतात, चित्रांच्या चौकटी अंगावर चढवतात, घोषणा लिहिलेले घेर करतात. कुणी घालावं याची सक्ती नाही.

या व्यवस्थेला मी नावं ठेवणार नाही. तिच्यामुळे कितीतरी उत्तम कारागिरांच्या हाताला काम राहिलं, भरतकाम, पिसांचं काम टिकलं. पण तिची एक किंमत आहे. झगा बाटलीची जाहिरात झाला की तो कुठल्याही शरीराला उत्तर द्यायला बांधील राहत नाही. फोटोत ओळखू आला की पुरे. मग दर हंगामाला आधीच्याहून मोठा, आधीच्याहून उंच, आधीच्याहून विचित्र. असे कपडे उलटे करून पाहिले की आत बऱ्याचदा काहीच सापडत नाही. वरून आरोळी आणि आतून पिना.

इथे मला अडवायला जपानी डिझायनर रेई कावाकुबो उभी राहते. 'कॉम दे गार्सों' या तिच्या ब्रँडचा वसंत 1997 चा संग्रह म्हणजे ताणल्या जाणाऱ्या चौकड्यांच्या कापडाखाली पाठीवर, खांद्यावर, नितंबांवर गाठोड्यांसारखी पॅडं. लोकांना त्यात ट्यूमर दिसले, कुबडं दिसली. घालण्याजोगं म्हणजे काय, या माझ्या सगळ्या बोलण्याला ती चपराक होती. शरीर आहे तसंच का गृहीत धरायचं, असा तिचा सवाल. नृत्यदिग्दर्शक मर्स कनिंगहॅमने त्याच कल्पनेचे पोशाख आपल्या नर्तकांना घातले तेव्हा ती गाठोडी हलताना दिसली आणि ज्यांना फोटोत किळस आली होती त्यांतल्या काहींना ती रंगमंचावर पटली. हा संग्रह कुठल्याही बायरच्या सूचनेतून कधीच आला नसता. आणि त्याला पोसलं कुणी? पुढे 2002 पासून तर उघडच दिसतं: दोन डोळे असलेलं लाल हृदय छातीवर लावलेला 'प्ले' या तिच्याच लेबलचा साधा टी-शर्ट, पाकिटं, अत्तरं. कावाकुबोच्या बाबतीत मला ही वाटणी खटकत नाही. का, याचा मी पुष्कळ विचार केला. एक कारण असं की ती टी-शर्टला टी-शर्टच म्हणते. त्यात क्रांतीचा आव नाही. दुसरं असं की तिचे कपडे मी उलटे करून पाहिले आहेत. आत पिना नाहीत. त्या विचित्र आकारांचे पॅटर्न निघालेले आहेत, शिवणी पूर्ण झालेल्या आहेत, आणि घालणाऱ्या व्यक्तीने ते घालून चालावं अशी अपेक्षा त्यांत आहे.

डिझायनर हुसेन चलायानचा लाकडी टेबल-स्कर्टही याच जातीचा. फेब्रुवारी 2000 मध्ये लंडनला 'आफ्टरवर्ड्स' या शोमध्ये मुलींनी खुर्च्यांचे अभ्रे काढून अंगात घातले, खुर्च्यांच्या सुटकेस झाल्या, आणि शेवटच्या मुलीने गोल टेबलाच्या मधोमध पाय टाकून ते कमरेपर्यंत उचललं. सायप्रसमध्ये जन्मलेल्या माणसाने घर सोडून पळण्याबद्दल केलेलं ते विधान होतं. सगळं घर अंगावर घालून नेता येईल का? म्हणजे 'घालता येणं' हाच त्याचा विषय होता. पुढच्याच वर्षी त्याची कंपनी दिवाळखोरीत गेली. टेबलाला उठाव नसतो.

पण कल्पना, अंगावर बसणं आणि उठाव यांची मोट बांधायची तर मी जपानी डिझायनर इस्सी मियाकेकडेच परत परत जाते. साधारणपणे कापडाला आधी चुण्या पाडतात आणि मग त्याचा कपडा बेततात. मियाकेने क्रम उलटा केला. अंतिम मापाच्या अडीच-तीन पट मोठा कपडा आधी शिवायचा, मग तो कागदांच्या मधे घालून उष्णतेच्या दाबाखाली द्यायचा. पॉलिएस्टरला उष्णतेने दिलेला आकार कायम राहतो, म्हणून चुण्या धुण्यात जात नाहीत. हे तंत्र पोसलं गेलं ते फ्रँकफर्ट बॅलेच्या नर्तकांसोबत, 1991 च्या सुमारास. नर्तकांना हे कपडे इतके मोकळे वाटले की मियाकेला समजलं, ही रंगमंचापुरती गोष्ट नाही. 1993 मध्ये 'प्लीट्स प्लीज' आलं. इस्त्री नको, गुंडाळून पिशवीत टाका, वजन जवळपास नाही, आणि चुण्या उघडतात-मिटतात म्हणून एकच माप पुष्कळ प्रकारच्या शरीरांना चालतं. सपाट ठेवला तर तो एक भौमितिक आकार, अंगात घातला की शिल्प. म्युझियममध्येही आहे आणि विमानतळावर, प्रदर्शनांच्या उद्घाटनांत, वयस्कर शिक्षिकांच्या अंगावरही. इथे कुणी कुणासाठी माघार घेतलेली दिसत नाही. शोसाठी एक आणि दुकानासाठी एक असं दुहेरी खातंच नाही. सोय हीच कल्पना होती. तिला पोसायला वेगळी बाटली लागली नाही. मियाकेची अत्तरंही खपली, तो भाग निराळा.

अमेरिकेत क्लेअर मॅकार्डेलने हे त्याच्याही आधी केलं होतं. 1942 चा तिचा 'पॉपओव्हर' ड्रेस: युद्धामुळे घरकामाला माणसं मिळेनाशी झालेल्या बायकांसाठी, डेनिमचा, गुंडाळून बांधायचा, भलामोठा खिसा लावलेला, किंमत 6 डॉलर 95 सेंट. पहिल्याच हंगामात हजारोंनी गेला. फॅशनच्या इतिहासात तिला दिओरच्या तुलनेत किती पानं मिळतात ते बघा. गंभीर कल्पना म्हटली की ती अवघडच असायला हवी, हा समज वाटतो त्यापेक्षा खोल रुजलेला आहे.

अलीकडच्या आकड्यांनीही जुने समज हलवलेत. गुच्चीने जानेवारी 2015 मध्ये अलेस्सांद्रो मिकेले या आतल्याच, बाहेर कुणाला फारशा ठाऊक नसलेल्या माणसाच्या हाती सूत्रं दिली. त्याने भरजरी गोंधळ मांडला: साप, मधमाश्या, आजीचे गॉगल, टाचेकडून उघडे आणि आतून फर लावलेले लोफर, ज्यातून फर बाहेर लोळते. घालण्याजोगं? पावसात तरी मुळीच नाही. 2015 मध्ये सुमारे 3.9 अब्ज युरोंवर असलेली विक्री 2019 मध्ये 9.6 अब्जांवर गेली. नंतर लोकांना तेच ते वाटायला लागलं, मिकेले 2022 मध्ये गेला. त्याच्या जागी आलेल्या सबातो दे सार्नोने शांत, नेटके, अंगावर छान बसणारे कपडे केले आणि 2024 मध्ये विक्री 23 टक्क्यांनी घसरून 7.65 अब्जांवर आली. पोतडीतले सगळे सिद्धान्त इथे उलटे पडतात. अर्थात त्या वर्षी चीनमधली मागणीच आटली होती आणि महागड्या वस्तूंचा एकूण बाजार थंड होता, त्यामुळे सगळं खापर शांत कपड्यांवर फोडणं अन्यायाचं. पण भागधारकांना दर तीन महिन्यांनी उत्तर हवं असतं आणि कपड्याला आपलं गिऱ्हाईक शोधायला त्याहून जास्त वेळ लागतो. दे सार्नोला दोन वर्षंसुद्धा धड मिळाली नाहीत.

या सगळ्या चर्चेत एक गोष्ट कुणी विचारत नाही, आणि मागच्या खोलीतल्या माणसाला ती रोज छळते. घालण्याजोगं, पण कुणाला? शोचे सगळे नमुने एकाच मापात शिवले जातात, उंच आणि सडपातळ मुलीच्या. त्याच अंगावर ते तपासले जातात, त्याच अंगावर फोटो निघतात. मग बाकीची मापं 'ग्रेडिंग'ने काढतात, म्हणजे ठरावीक ठिकाणी ठरावीक मिलिमीटर वाढवत जायचं. साध्या शर्टाला हे चालतं. पण खांद्यापासून गुंडाळत आलेला झगा, कललेली बाही, शरीरावर आखलेली छपाई यांना ते चालत नाही. मोठ्या मापात छातीचा उभार वेगळ्या जागी येतो, नक्षी शिवणीवर जुळत नाही, तोल जातो. प्रत्येक मापाची नक्षी नव्याने आखावी लागते, पॅटर्न नव्याने काढावा लागतो. यावर सोपा उपाय म्हणजे मोठी मापं काढायचीच नाहीत, आणि मग 'कल्पक कपड्यांना गिऱ्हाईक नाही' असा अहवाल द्यायचा. गिऱ्हाईक ट्रायल रूममध्ये उभं असतं, चेन अर्ध्यावर अडकलेली.

मी हे बैठकांत बोलले आहे. मागणी फार नसते: पॅटर्न काढणाऱ्याला आणखी थोडे दिवस, मोठ्या मापाच्या फिट मॉडेलला, म्हणजे जिच्या अंगावर कपडा तपासतात तिला, दोनदा बोलावणं, कापडाचे काही जादा मीटर. उत्तर येतं की बजेटात बसत नाही. त्याच बजेटात पंधरा मिनिटांच्या शोसाठी उभारलेल्या सेटवरच्या ताज्या फुलांचा खर्च असतो, आणि तो कुणी कापल्याचं मला आठवत नाही.